खोकल्यांची वही

नाटकाच्या धंद्यात जन्म काढलेल्या कुणालाही विचारा, नाटक लोकांना आवडलं की नाही हे कशावरून ओळखायचं? तो सांगेल, टाळ्यांवरून. त्यात काही तथ्य नाही. टाळी हा शिष्टाचार असतो. पाहुणे हात धुता धुता 'सगळं छान झालं होतं हं' म्हणतात, त्यातलाच. आमच्या कंपनीत ही गोष्ट पुरती ओळखलेला एकच माणूस होता, आणि तो सदतीस वर्षांत एकदाही रंगमंचावर आला नाही. तो दारावर उभा असायचा.

त्यांना सगळे खोकलेमामा म्हणत. नव्या नटांना वाटायचं, आडनावच खोकले आहे. एका नव्या मुलीने तर लग्नाच्या पत्रिकेवर 'श्री. खोकले, सहकुटुंब' असं लिहून पाठवलं. मामा सहकुटुंब गेले, जेवले, नवराबायकोला आशीर्वाद दिला आणि कुणाची चूक दुरुस्त केली नाही. उंच, खांद्यातून थोडे वाकलेले, कंपनीचा तपकिरी कोट बारा महिने अंगात. एका खिशात बॅटरी, दुसऱ्यात फाडलेल्या तिकिटांचे तुकडे. आवाज इतका हळू की 'उजवीकडे, पाचवी रांग' हे ऐकायला माणसाला कान पुढे करावा लागे. नाटकवाल्यांच्या गोंगाटात हळू बोलणारा माणूस म्हणजे उन्हातली सावली. मला ते फार आवडत.

तिसरी घंटा झाली की मामा प्रेक्षागृहाचं मागचं दार लावत, त्यावरचा जाड पडदा ओढत आणि दाराला पाठ टेकून अंधारात उभे राहत. डाव्या हातात लांबट वही, उजव्या हातात वहीलाच दोरीने बांधलेली पेन्सिल. प्रेक्षकांत कुणी खोकलं की एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. दर प्रवेशाला वेगळं पान. पहिल्या दहा मिनिटांतले खोकले बाजूला मोजायचे. "ते हवेचे," मामा म्हणत. "दहा मिनिटांत कुणी कंटाळत नाही. तेवढी सर्दी ज्याची तो घरूनच घेऊन येतो." मग त्या मानाने पुढच्या प्रत्येक पानातून हवेचे खोकले वजा करायचे. उरतील ते नाटकाचे.

आमच्या कंपनीचा रिवाजच होता: नव्या नाटकाचे पहिले दहा खेळ कच्चे. पाचव्या आणि दहाव्या खेळानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, रंगपटात चहा मागवायचा आणि वही उघडायची. ज्या पानावर रेघा जास्त, त्या प्रवेशाला कात्री. मालकच दिग्दर्शक होते आणि त्यांचा या वहीवर धर्मग्रंथासारखा विश्वास होता. "नट खोटं बोलतो, लेखक त्याहून खोटं बोलतो, आणि पास घेऊन आलेला मित्र, त्याचं तर नावच काढू नका," ते म्हणत. "घसा खोटं बोलत नाही. कंटाळा आला की घसा आधी सांगतो, मग बूड सांगतं."

मला स्वतःला ही कात्री एकदा लागली आहे. एका ऐतिहासिक नाटकात माझं तीन पानांचं भाषण होतं, राजाच्या चितेपुढचं. मी ते जीव ओतून करत असे. वहीत चौतीस रेघा निघाल्या आणि तीन पानांच्या अकरा ओळी झाल्या. महिनाभर मी मामांशी बोलले नाही. शेवटी तेच एकदा रंगपटाच्या दारात येऊन म्हणाले, "ताई, औषध कडू म्हणून वैद्याला चावायचं नसतं." मला हसू आलं आणि अबोला संपला.

पण त्यांना जर विचारलं, "मामा, तुम्हाला कसं वाटलं नाटक?" तर उत्तर ठरलेलं. "मी मोजतो. सांगायला तुम्ही सगळे आहात की." सदतीस वर्षांत त्यांनी एकाही नाटकाला चांगलं किंवा वाईट म्हटलं नाही. वही खरी राहायची तर वही धरणाऱ्याला मत नको, एवढं साधं त्यांचं तत्त्व होतं.

मग ते महापुराचं नाटक आलं.

लिहिणाऱ्या बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी घेतलेली गोष्ट अशी, की कुठल्याही धर्माच्या माणसाला सांगा, तो म्हणेल, ही तर आमच्यातली. पृथ्वी बुडणार, एका सज्जनाला वरून आज्ञा होते, तो मोठं जहाज बांधतो, निवडक जीव आत घेतो, दार लागतं, पाणी चढतं. बाईंनी ही गोष्ट हजार वर्षं पुढे नेली होती. त्यांचं जहाज आभाळात जाणारं. आज्ञा करणारं एक जुनं यंत्र, पूर्वजांनी बसवलेलं आणि मग सगळे विसरून गेलेले. ते एक दिवस अचानक उजळतं आणि बोलू लागतं, आणि जे बोलतं ते शब्द सरळ ग्रंथातले. ऐकणारा एक म्हातारा सुतार. त्याला ती देवाची वाणी वाटते. ती आहे की नाही, हे नाटक शेवटपर्यंत सांगत नाही.

मालकांना दगडफेकीची भीती होती. त्यांनी पहिल्या खेळाला दोन आडदांड माणसं दारावर आणून उभी केली. मामा त्यांच्या मधून तिकिटं फाडत होते, म्हशींच्या मधून बगळा चालावा तसे. काही झालं नाही. दुसऱ्या खेळाला गावातले नावाजलेले प्रवचनकार चार शिष्यांसह तिसऱ्या रांगेत येऊन बसले. खेळ संपला, ते शांतपणे उठले आणि बाहेर पडताना मामांपाशी थांबून म्हणाले, "जहाजाचं दार ग्रंथात उजव्या अंगाला आहे. तुम्ही डावीकडे केलंत." आणि गेले. मालकांनी दुसऱ्या दिवशी आडदांडांना रजा दिली.

राग कुणालाच आला नाही. लोकांची पंचाईत मात्र झाली. यंत्र पहिल्यांदा उजळायचं तेव्हा पुढच्या चार रांगा हात जोडत आणि मागच्या चार रांगा हसत. यंत्राची वाक्यं लोकांना पाठ होती, म्हणून ते ती अर्धा श्वास आधीच पुटपुटत. सुताराचं काम करणारा आमचा नट वैतागून म्हणायचा, "मला एक प्रॉम्प्टर पुरे होता, इथं आठशे आहेत." बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणाले, "रॉकेटचं नाटक म्हणून पोरांना आणलं, आणि हे तर पाठांतर निघालं." त्यांच्या मागून येणाऱ्या आजी म्हणाल्या, "पुण्य लागेल म्हणून आले, तर मेलं सगळं गणितच." आणखी एक जण बाईंना गाठून अभिमानाने म्हणाला, "हे सगळं विज्ञान आपल्या ग्रंथात आधीपासून आहेच!" बाई म्हणाल्या, "हो ना. मी तिथूनच उतरवून घेतलं."

शेवटचा प्रवेश माझा होता. मी त्या वेळी बावन्न वर्षांची होते आणि माझ्या वाट्याची कामं दर नाटकाला आखूड होत चालली होती, हेही इथं सांगून टाकते. मी सुताराची शेजारीण. जहाज बांधताना मी त्याला दोर दिले, त्याच्या माणसांना पाणी दिलं. शेवटी मी गाठोडं घेऊन दारापाशी येते. यंत्र यादी वाचतं. माझं नाव नसतं. सुतार पुन्हा वाचायला लावतो. तरी नसतं. मी म्हणते, "बरं." मग दार लागत नाही. नवंकोरं, जड, आतून ओढून बसत नाही. मी गाठोडं खाली ठेवते आणि म्हणते, "तुम्ही आतून ओढा, मी बाहेरून ढकलते." आणि ढकलते. दार बसतं. मी दाराला हात लावून उभी, आणि पडदा.

ग्रंथात त्या बाईबद्दल एक अक्षर नाही. ग्रंथात बुडणारे सगळे एका शब्दात येतात आणि एका ओळीत जातात.

पाचव्या खेळानंतर वही उघडली. मालकांनी शेवटच्या प्रवेशाचं पान पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"एकसष्ट," ते म्हणाले. "हवेचे जाऊन एकसष्ट! मामा, एवढे आधी कधी झाले होते?"

"राजाच्या मरणाला त्रेपन्न," मामा म्हणाले. "त्या दिवशी पंखे बंद होते."

"आणि हा कुठला खेळ?"

"चौथा. बाकीचेही साठाच्या आसपासच आहेत."

मालक बाईंकडे वळले. "बाई, स्पष्ट बोलतो. लोकांना हे नको आहे. लहानपणापासून शिकलेत ते, बुडाले ते पापी. पापी माणसाचं काय बघत बसायचं? जहाज वर जाऊ दे, घंटा वाजू दे, प्रकाश पडू दे. लोक आनंदाने घरी जातील."

"ती गोष्ट त्यांना येतेच," बाई म्हणाल्या. "मी लिहिलंय ते एवढंच आहे, ती बाई आणि ते दार. बाकी सगळं मी ग्रंथातून घेतलं. हा प्रवेश काढलात तर मला नाटक परत द्या."

"अजून पाच खेळ आहेत. वही सांगेल तसं."

बाईंनी मामांकडे पाहिलं. मामा चहात बिस्कीट बुडवत होते आणि ते वेळेवर बाहेर काढण्यात गुंतलेले होते. ते बोलतील असं कुणाला वाटलंही नाही.

सातव्या खेळाला मामी आल्या. मामांचं कुटुंब नाटकाला फारसं येत नसे. मामींच्या मते नाटकात खोटं बोलतात. त्यांच्या गल्लीतल्या प्रार्थना मंडळाच्या त्या प्रमुख होत्या. ग्रंथ तोंडपाठ. रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना धडे द्यायच्या, आणि महापुराचा धडा तर त्यांनी आयांना शिकवला होता आणि आता त्यांच्या मुलांना शिकवत होत्या. "बुडाले ते कोण?" मामी विचारत. "पापी!" मुलं ओरडत. आमच्या नाटकात ग्रंथाचे शब्द बरोबर म्हणतात की नाही, हे तपासायला त्या मंडळातल्या सहा बायकांना घेऊन आल्या. मामांनी त्यांना शेवटून दुसऱ्या रांगेत, दाराजवळ बसवलं.

हे सगळं मला मामांनीच सांगितलं. आठव्या खेळाच्या आधी मी तोंडाला रंग लावत होते, तर आरशात ते दिसले. रंगपटाच्या दारात, कोटाचं बटण फिरवत.

"ताई, एक विचारू? तुम्ही दार ढकलता तेव्हा लोक काय करत असतात?"

"मला काय ठाऊक? माझी नजर दारावर असते."

"मला डोकी दिसतात नुसती. मागून." त्यांनी बटण पुन्हा फिरवलं. "काल ही खोकली."

"मामी? मग एक रेघ वाढली म्हणायची."

"मारली ना मी. सवयीने. मारल्यावर मनात आलं, ही कुणाची मारली?" त्यांनी आवाज आणखी खाली आणला, म्हणजे मला आरशातून ओठ वाचावे लागले. "हिचा खोकला मला पाठ आहे, ताई. एकतीस वर्षं झाली. ही आधी घसा खाकरते, मग दोनदा खोकते. काल एकदाच खोकली, मोठ्याने, आणि रुमाल तोंडावर धरून बसली. दिवे लागले तरी खालीच बघत होती. शेजारणीला म्हणाली, चला, उशीर झाला."

"घरी विचारलंत?"

"विचारलं, घसा दुखतोय का. म्हणाली, तुमच्या हॉलात धूळ आहे."

"असेलही."

"खुर्च्या मी स्वतः पुसतो," मामा म्हणाले. ते रागावलेले होते. मी त्यांना रागावलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दहाव्या खेळाला मी गाठोडं घेऊन दारापाशी आले, यंत्राने यादी वाचली, मी "बरं" म्हटलं आणि वळले, तर समोरच्या विंगेत तपकिरी कोट. मामा! माझ्या कंपनीतल्या पंचवीस वर्षांत तीनदा वीज गेली, एकदा छताचा तुकडा पडला, तरी त्या माणसाने दार सोडलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. पडद्याच्या कडेला गाल लावून ते प्रेक्षकांकडे बघत होते, समोरून. पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालं ते सवयीमुळे. मी दार ढकललं आणि प्रेक्षागृहातून नेहमीचा तो आवाज ऐकला, इथून एक, तिथून एक, मग सगळीकडून. पडदा पडला तेव्हा विंग रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगपटात आम्ही चौघं. मालक, बाई, मामा, मी. मालकांनी पानं उलटली.

"सहावा चौपन्न, सातवा साठ, आठवा बासष्ट, नववा अठ्ठावन्न. आणि दहावा..." त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "हे कोरं का?"

"मी दारावर नव्हतो."

"म्हणजे?"

"विंगेत होतो."

मालकांना ते पटकन समजलंच नाही. "तुम्ही? विंगेत? काय करत होता?"

"बघत होतो." मामांनी कप खाली ठेवला. "मालक, ते कंटाळत नाहीत."

बाई पुढे सरकल्या.

"रडतात म्हणता?" मालक म्हणाले.

"रडत नाहीत. रडू नये म्हणून खोकतात. रुमाल काढतात, चष्मा पुसतात, खाली वाकून चपला शोधतात. आणि शेजारच्याने बघू नये म्हणून खोकतात. बुडणाऱ्या बाईसाठी डोळ्यांत पाणी आलं असं शेजारणीला दिसलं तर? उद्या प्रार्थनेला तिच्याच बाजूला बसायचं असतं."

"कोण होतं असं? एक माणूस सांगा मला. मी जाऊन विचारतो त्याला."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. मी सांगितलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं, आणि प्रवेश माझाच होता. पण मामींची संध्याकाळची शिकवणी, ती पोरं, तो धडा माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मी गप्प बसले.

"तिकीट फाडलं की मी माणसाचं नाव विचारत नाही," मामा म्हणाले.

मालक वाईट माणूस नव्हते. हे मला आवर्जून लिहायचं आहे, कारण नाटकवाल्यांच्या आठवणींत मालक नेहमी राक्षस असतो. त्यांनी वही हळूच बंद केली, तिच्यावर तळहात ठेवला आणि सरळ प्रश्न विचारला.

"बरं. धरून चालू, खरं आहे. मग मामा, आधीच्यांचं काय? राजाच्या मरणाचे त्रेपन्न? ताईंच्या भाषणाचे चौतीस? मी ते प्रवेश कापले ना तुमच्या रेघांवर. ते कंटाळ्याचे होते, की हे असले?"

मी कान टवकारले, खोटं कशाला बोलू!

"माहीत नाही," मामा म्हणाले.

"सदतीस वर्षं माहीत नाही?"

"तेव्हा समोरून जाऊन बघितलं नव्हतं."

हे बोलणं त्यांना किती जड गेलं असेल, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. त्यांच्या नावावर घर नव्हतं, पदक नव्हतं, पोस्टरवर छापलेली एक ओळ नव्हती. जे होतं ते कपाटातल्या एकतीस वह्यांत होतं, आणि त्या त्यांनी आत्ता आपल्याच तोंडाने रद्दीत काढल्या होत्या. बाई काहीतरी बोलायला लागल्या, मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मला दोन्ही ठेवता येणार नाही हो," मालक म्हणाले. "वही खरी, तर हा प्रवेश जातो. प्रवेश राहिला, तर वही गेली. उद्यापासून प्रत्येक लेखक म्हणणार, माझेही लोक रडू दाबतच खोकत होते. मी कुणाला कात्री लावणार? सांगा तुम्हीच."

"मी सांगू?"

"वही तुमची आहे."

मामा वही पुढ्यात ओढून बसले. मला वाटलं, पानं चाळणार. त्यांनी पेन्सिलीची दोरी धरली आणि गाठ नखाने सोडवायला घेतली. गाठ जुनी, घट्ट, मेणचटलेली. बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही. सुटली तेव्हा त्यांनी पेन्सिल कोटाच्या वरच्या खिशात लावली आणि वही मालकांकडे सरकवली.

"प्रवेश ठेवा," ते म्हणाले. "पेन्सिल माझी आहे."

नाटकाचे त्या मोसमात आणि पुढच्या मोसमात मिळून एकशे चाळीस खेळ झाले. फार नाही, पण अगदी कमीही नाही. शेवटच्या प्रवेशाला शेवटपर्यंत टाळी पडली नाही. खोकले येत राहिले, ते कुणी मोजले नाहीत. पुढची नाटकं मालक स्वतःच्या आवडीने कापू लागले, आणि खरं सांगायचं तर ती लांबली आणि थोडी बिघडली. माझ्या चौतीस खोकल्यांबद्दल मी पुष्कळ दिवस मनाशी म्हणत होते, की रडतच होते लोक, दुसरं काय असणार! पण आता या वयात कबूल करायला हरकत नाही, अकरा ओळींचं ते भाषण तीन पानांपेक्षा चांगलंच होत असे. मामा दोन वर्षांनी निवृत्त झाले. मामींनी मुलांना शिकवणं चालू ठेवलं. महापुराचा धडा त्यांनी नंतर कसा शिकवला, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि मामांनीही विचारलं नसावं.

त्या सकाळचंच मात्र थोडं सांगायचं राहिलं. चहाचे कप उचलले गेले, बाई डोळे पुसत निघून गेल्या, आणि मी सामान ठेवायला म्हणून प्रेक्षागृहातून चालले होते. तीनच्या खेळाला अजून चार तास होते. कामाचे दोन दिवे लागलेले. शेवटून दुसऱ्या रांगेत मामा बसले होते, कोट घालून, हात मांडीवर. तिथं बसलेला माणूस मामा आहे हे समजायला मला क्षणभर लागलं, कारण त्यांना बसलेलं आम्ही फक्त रंगपटात, चहापुरतं पाहिलं होतं.

"काय हो मामा, दमलात?"

"ही हिची खुर्ची," ते म्हणाले. "बघत होतो, इथून काय दिसतं."

"काय दिसतं?"

"तुम्ही दारापाशी उभ्या राहता ना, तिथं हा खांब मध्ये येतो. तुमचं तोंड दिसत नाही. गाठोडंही नाही. दार ढकलणारा हात तेवढा दिसतो."

नटीचं मन! मी लगेच पिशवी खाली ठेवली. "मग आधी नाही का सांगायचं! दोन पावलं डावीकडे सरकते आजपासून. चेहरा दिसायला नको का लोकांना?"

मामांनी खांबाकडे पाहिलं, मग रंगमंचावरच्या दाराकडे, मग पुन्हा खांबाकडे. नाटकाबद्दल स्वतःचं मत देणाऱ्या माणसाला जो वेळ लागतो, तो त्यांनी घेतला.

"नको, ताई," ते म्हणाले. "हिला तेवढंच दिसलं होतं."

त्या दुपारी मी जागेवरून हलले नाही. दार ढकलून झाल्यावर हात मात्र जरा उशिरा काढला.